बी.पी. नॉर्मल, मग दम कशाचा?

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण आठवड्यातले निम्मे दिवस ती रुसलेली असते. माझी धाकटी जाऊ बाजारातून आली की दुसऱ्या मजल्याच्या वळणावर हमखास थांबायची. कधी चपलेचा पट्टा नीट करायची, कधी पिशवीतली कोथिंबिरीची जुडी उगाच वरखाली करायची, कधी खालच्या वहिनींच्या दारातली रांगोळी बघत उभी राहायची. मी पुढे जाऊन कुलूप काढलेलं असायचं, तरी हिचा पत्ता नाही. मला वाटायचं, काय ही रेंगाळते! ती तिथे श्वास गोळा करत होती, हे मला सव्वा वर्षानंतर कळलं.

या सदरात मी आजवर लोणच्यांपासून मुलांच्या अभ्यासापर्यंत बरंच काही लिहिलं. आजारावर लिहायचा माझा अधिकार नाही. मी बी.ए., मराठी घेऊन, आणि शाळेत अर्धवेळ शिकवते. पण गेली दोन वर्षं आमचं घर ज्या एका आजारासोबत राहतंय, त्याचं नावसुद्धा आमच्यापैकी कुणी ऐकलेलं नव्हतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलेलं मी वहीत उतरवून घेत गेले. ती वही समोर ठेवून आणि धाकटीला विचारून हे लिहिते आहे. 'लिहा ताई, पण माझं नाव नको,' एवढीच तिची अट.

धाकटी तेव्हा एकतीस वर्षांची. मुलगी पाच वर्षांची. दम लागतो, थकवा येतो, जिना चढताना छातीत धडधडतं, एवढीच तक्रार. सासूबाई म्हणाल्या, 'आम्ही विहिरीवरून दोन-दोन घागरी आणल्या, आम्हाला नाही कधी दम लागला!' भाऊजी म्हणाले, 'टेन्शन घेते ती.' आणि मी? मी म्हटलं, 'सकाळी लवकर उठून चालायला जात जा. बाळंतपणानंतर वजन वाढलंय तुझं.' आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बी.पी. पाहिलं, ११०/७०. अगदी छान. हिमोग्लोबिन दहाच्या आसपास निघालं, म्हणजे कारण सापडलंच! लोहाच्या गोळ्या, टॉनिक, खजूर, बीट. हिमोग्लोबिन साडेबारा झालं. दम तसाच. पण तोवर 'अशक्तपणा' हे नाव त्याला चिकटलेलं होतं, आणि एकदा नाव चिकटलं की पुढे कुणी विचारत नाही.

मुलीच्या गॅदरिंगच्या दिवशी पोशाखाची बॅग घेऊन ती शाळेचा जिना घाईने चढली आणि वरच्या पायरीवर बेशुद्ध पडली. मिनिटभरात शुद्धीवर आली. ओठ निळसर. 'उपाशी होते म्हणून चक्कर आली,' असं तीच आम्हाला सांगत होती. त्या दिवशी मात्र ह्यांनी कुणाचंच ऐकलं नाही. ईसीजी, छातीचा फोटो, मग टू-डी इको. इको करणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'यांच्या फुप्फुसांचं बी.पी. खूप वाढलंय.'

फुप्फुसांचंही बी.पी. असतं? मैत्रिणींनो, मी हा प्रश्न तिथेच विचारला आणि मुळीच लाजले नाही.

असतं. आपण दंडाला पट्टा बांधून मोजतो तो शरीरभर रक्त ढकलणाऱ्या, हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब. उजवी बाजू रक्त पाठवते ते फक्त फुप्फुसांकडे, शेजारच्या शेजारी. तिला जोर लावायची गरजच नाही, म्हणून तिच्या भिंती पातळ. दंडाचं बी.पी. १२०/८० तर फुप्फुसांच्या नळीतलं साधारण २५/१०. सरासरी काढली तर चौदाच्या आसपास. ती वीसच्या वर गेली की त्याला 'पल्मनरी हायपरटेन्शन' म्हणतात. पूर्वी ही रेघ पंचविसावर होती, अलीकडच्या काही वर्षांत ती खाली आणली. दंडाच्या पट्ट्याला यातलं काहीही कळत नाही. म्हणूनच ११०/७० वर आम्ही सगळे निर्धास्त बसलो होतो.

मी ते असं समजून घेतलं. तळमजल्याच्या नळापुरती एक लहानशी मोटर आहे. पाइपात क्षार साचून साचून आतली वाट बोरूएवढी उरली. मोटर तेवढंच पाणी ढकलायला जीव काढते, तापते, फुगते, आणि एक दिवस दमते. धाकटीच्या फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती आतून जाड झाल्या होत्या आणि हृदयाची उजवी बाजू फुगत चालली होती. या आजारात माणूस दगावतं ते बहुतेक वेळा फुप्फुसांमुळे नव्हे, ही उजवी बाजू हरते म्हणून.

इको हा अंदाज. खात्रीसाठी मानेतल्या किंवा मांडीतल्या शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूपर्यंत नेऊन दाब प्रत्यक्ष मोजावा लागतो. त्यासाठी आम्ही पुण्याला गेलो. तिचा सरासरी दाब निघाला ५२.

मग सुरू झाली कारणांची चौकशी. ती ऐकून सासूबाई चांगल्याच वैतागल्या. झोपेत घोरते का? लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? बाळंतपणानंतर पाय सुजला होता का? लिव्हरची तपासणी, सांध्यांच्या आजाराच्या तपासण्या, एच.आय.व्ही.सुद्धा! 'आमच्या घरात असलं काही नाही,' सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. डॉक्टर शांतपणे म्हणाले, 'आजी, दाब वाढण्याची कारणं अनेक आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. चुकीच्या कारणावर बरोबर औषध दिलं तरी ते विषच.' आणि मग धाकटीकडे वळून, 'वजन कमी करायच्या गोळ्या कधी घेतल्या होत्या का?'

धाकटीने नाही म्हटलं, आणि खरंच नव्हत्या. पण हा प्रश्न मला इतका खटकला की नंतर मी मुद्दाम विचारलं. युरोपात १९६५ च्या सुमारास भूक मारणारं अमिनोरेक्स नावाचं औषध आलं. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, पश्चिम जर्मनी इथे ते खूप खपलं. दोन-तीन वर्षांत तिथल्या दवाखान्यांत फुप्फुसांचा दाब वाढलेल्या रुग्णांची संख्या अनेक पटींनी वाढली, बहुतेक बायकाच, आणि १९६८ मध्ये ते बाजारातून गेलं. एवढ्यावर जग शहाणं व्हायला हवं होतं. पण पुढे फेनफ्लुरामिन आलं, आणि तेही १९९७ मध्ये अमेरिकेत मागे घ्यावं लागलं. तेव्हा ब्यूटी पार्लरमध्ये किंवा किटी पार्टीत कुणी बारीक होण्याची पुडी पुढे केली तर तिच्यात काय आहे ते विचारा. उत्तर आलं नाही तर पुडी परत द्या.

धाकटीच्या बाबतीत कारण काहीच सापडलं नाही. त्यालाही नाव आहे, इडिओपॅथिक. म्हणजे कारण अज्ञात. हा प्रकार दुर्मिळ. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, तोही ऐन संसाराच्या वयात. आणि दम लागायला लागल्यापासून निदान होईपर्यंत जगभर सरासरी दोनेक वर्षं जातात, हे ऐकल्यावर मला आमचं सव्वा वर्ष टोचायचं कमी झालं असं नाही, पण आपणच एकटे मूर्ख नाही एवढं कळलं.

त्या रात्री धाकटीने मोबाइलवर शोधलं. मी पाणी प्यायला उठले तर ही स्वयंपाकघरात अंधारात बसलेली. म्हणाली, 'ताई, दोन वर्षं आणि नऊ-दहा महिने. एवढंच लिहिलंय. म्हणजे ती तिसरीतसुद्धा जाणार नाही.'

मला काही बोलता आलं नाही. मी तिच्याजवळ बसून राहिले, एवढंच.

या आकड्याबद्दल मला आज सविस्तर लिहायचं आहे, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी हे नाव आलं तर हाच आकडा पहिला अंगावर येईल. तो खोटा नाही, जुना आहे. अमेरिकेत १९८१ ते १९८५ या काळात निदान झालेल्या १९४ रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यात निदानापासूनचं आयुष्य निघालं २.८ वर्षं. पाच वर्षांनंतर शंभरातले ३४ जण हयात होते. तेव्हा या आजारावर खास असं एकही औषध नव्हतं. पहिलं औषध मिळालं १९९५ मध्ये, तेही अंगाला पंप लावून चोवीस तास शिरेतून द्यायचं. गोळ्या २००१ पासून येऊ लागल्या. त्यानंतरच्या एका मोठ्या अमेरिकन नोंदीत पहिल्या वर्षानंतर शंभरात ८५ आणि पाच वर्षांनंतर ५७ जण हयात होते. हेही काही फार सुखाचे आकडे नाहीत. मी ते गोड करून सांगणार नाही, डॉक्टरांनीही आम्हाला सांगितले नाहीत. पण ३४ आणि ५७ यांत फरक आहे.

शिवाय ते २.८ म्हणजे तरी काय? आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना मी विचारलं. त्यांनी फळ्यावर आडवी रेघ मारली. म्हणाल्या, 'हा मध्यक. निम्मी माणसं याच्या अलीकडे, निम्मी पलीकडे. पलीकडची रेघ कुठे संपते ते हा आकडा सांगतच नाही.' आणि तुमची माणसं रेघेवर नेमकी कुठे उभी आहेत, हेही सांगत नाही. इतकी वर्षं निकालपत्रकावर टक्केवारी लिहिणाऱ्या मला हे पंचेचाळिसाव्या नव्हे, पण अडतिसाव्या वर्षी समजलं!

मग आपलं माणूस कुठे उभं आहे हे कसं कळतं? त्यासाठी डॉक्टर दर तीन ते सहा महिन्यांनी काही गोष्टी पाहतात. घरातली कामं करताना किती दम लागतो. रक्तातली एक तपासणी, जिच्यावरून हृदयावरचा ताण कळतो. आणि सहा मिनिटांची चाल. ही चाल मला फार आवडली, कारण ती कुणालाही समजते. हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्यात सहा मिनिटं आपापल्या गतीने चालायचं, दमलं तर थांबायचं, आणि किती मीटर झाले ते मोजायचं. ४४० मीटरच्या वर गेलं तर उत्तम, १६५ च्या खाली राहिलं तर काळजी. चक्कर येऊन पडणं, पायावर सूज हेही हिशेबात येतं. या सगळ्याचा मेळ घालून तीन गट पाडतात. पहिल्या गटात पुढच्या वर्षभरातला जिवाचा धोका शंभरात पाचाच्या आत. मधल्या गटात पाच ते वीस. तिसऱ्यात विसाच्या वर. आणि मुख्य म्हणजे हा गट बदलता येतो. उपचार ठरतात ते खालच्या गटातून वरच्या गटात माणूस आणायचं म्हणून.

धाकटी पहिल्या वेळी २९० मीटर चालली. व्हरांड्याच्या टोकाला भाऊजी मुलीचा हात धरून उभे होते. मुलीला वाटलं शर्यत आहे, ती टाळ्या वाजवत होती.

औषधं सुरू झाली. त्यातल्या एका गोळीचं नाव मेडिकलवाल्या पोराने चिठ्ठीवर वाचलं आणि भाऊजींकडे बघून हसू दाबलं. सिल्डेनाफिल. व्हायग्राचं औषध! भाऊजी लाल होऊन घरी आले. तेच औषध फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल करतं आणि २००५ पासून या आजारासाठी अधिकृतपणे वापरलं जातं, हे आम्हाला डॉक्टरांनी आधीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता तो मेडिकलवाला शहाणा झालाय, गोळ्या संपत आल्या की स्वतः फोन करतो.

या गोळीबद्दल एक गोष्ट मात्र लाल शाईने लिहून फ्रिजवर लावण्यासारखी आहे. सासूबाईंच्या छातीत दुखतं म्हणून आमच्या घरात सॉर्बिट्रेटची गोळी असते, जिभेखाली ठेवायची. कुणाला चक्कर आली, छातीत दुखलं की अनेक घरांत तीच गोळी चटकन तोंडात घालतात. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेणाऱ्या माणसाला ती दिली तर अंगातलं बी.पी. एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. आमच्याकडे सासूबाईंची डबी आता वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या रंगाची. आणि या आजाराची औषधं स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायची नाहीत. चतुर्थी असो, निर्जळी उपास असो, प्रवास असो. धाकटीची हरतालिका आता औषधाच्या घोटाने सुटते, आणि त्याबद्दल आमच्याकडे कुणी अवाक्षर काढत नाही.

आता अवघड भाग.

सासूबाईंना दुसरं नातवंड हवं होतं. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, आजारापूर्वी धाकटीलाही हवं होतं. तिनेच धीर करून विचारलं, 'थोडं बरं वाटल्यावर चालेल का?' डॉक्टर म्हणाले, 'नाही.' मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी कारण सांगितलं. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. निरोगी फुप्फुसं त्याला वाट करून देतात. हिची देऊ शकत नाहीत. सगळ्यात धोका बाळंतपणाच्या वेळी आणि त्यानंतरच्या दिवसांत, म्हणजे पेढे वाटून झाल्यावर. १९९७ ते २००७ या दशकात जगभर नोंदलेल्या अशा बाळंतपणांत शंभरातल्या पंचवीस आया गेल्या. त्याआधीचे आकडे याहून वाईट. उपचार सुधारले तसे काही ठिकाणी निकालही सुधारलेत, पण जाणकार आजही गर्भधारणा टाळायलाच सांगतात. त्यातून बोसेंटान, अँब्रिसेंटान यांसारखी औषधं पोटातल्या बाळाला व्यंग आणतात. बोसेंटानमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणामही कमी होतो. म्हणजे 'गोळी चालू आहे' म्हणून निश्चिंत राहायचीसुद्धा सोय नाही.

मग धाकटीने ऑपरेशन करून घ्यायचं का? तर तिला भूल देणं हेच जोखमीचं. कॉपर-टीवर चर्चा झाली. भाऊजी दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, 'माझं ऑपरेशन करून घेतो. अर्ध्या तासाचं काम.' सासूबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. आमच्या घराण्यात, नव्हे, आमच्या सबंध आळीत असं कुणी केल्याचं ऐकिवात नाही. 'पुरुषासारखा पुरुष,' वगैरे एक दिवस चाललं. आमचे हे म्हणाले, 'आई, त्याला बायको हवी आहे, एवढंच तो म्हणतोय.' शनिवारी ऑपरेशन झालं, सोमवारी भाऊजी कामावर गेले.

धाकटीने डॉक्टरांना आणखी एक प्रश्न एकटीने विचारला, मला नंतर सांगितला. 'माझ्या मुलीला होईल का?' काही घराण्यांत हा आजार वंशपरंपरेने येतो, त्याचं एक जनुक २००० मध्ये सापडलं आहे. पण बहुतेक वेळा तसं नसतं, आणि जनुक असलेल्या सगळ्यांना आजार होतोच असंही नाही. ज्या घरात दुसरं कुणी अशा दमाने किंवा तरुणपणी अचानक गेलेलं असेल, त्यांनी ते डॉक्टरांना जरूर सांगावं.

आता तुमच्यातल्या पुष्कळ जणींसाठी. धाकटीचा प्रकार दुर्मिळ, पण फुप्फुसांचा दाब वाढण्याची इतर कारणं मुळीच दुर्मिळ नाहीत. सगळ्यात जास्त आढळतं ते हृदयाच्या डाव्या बाजूच्या आजारामुळे. आपल्याकडे अजूनही लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून झडप आक्रसलेल्या कितीतरी मुली आहेत. त्यांचा आजार अनेकदा पहिल्या गरोदरपणातच उघडकीला येतो. ती झडप फुग्याने उघडता येते, आणि वेळेवर उघडली तर मागचा दाबही उतरतो. म्हणून ज्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलंय त्यांनी ते चुकवू नये.

दुसरं, जन्मतः हृदयाला भोक. मोठं भोक असेल तर जादा रक्त वर्षानुवर्षं फुप्फुसांत जात राहतं, तिथला दाब चढत जातो, आणि एका मर्यादेपलीकडे प्रवाहच उलटा होतो. मूल निळं पडायला लागतं. त्यानंतर भोक बुजवणं म्हणजे हृदयाची एकमेव खिडकी बंद करणं, तेव्हा डॉक्टर ते बुजवत नाहीत. म्हणजे या ऑपरेशनला मुहूर्त असतो, आणि मोठ्या भोकांच्या बाबतीत तो पहिल्या काही महिन्यांतच असतो. 'छातीवर व्रण राहील, उद्या लग्न कसं जमेल' म्हणून मुलीचं ऑपरेशन पुढे ढकललेलं एक घर माझ्या माहेरी आहे. त्या मुलीचं लग्न झालं नाही. व्रणही नाही.

तिसरं, बाळंतपणानंतर किंवा अंथरुणावर पडून राहिल्यावर पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाते. बहुतेकांची विरघळते, काहींची तिथेच चिकटून राहते. रक्त पातळ होण्याची औषधं तीन महिने घेऊनही दम गेला नाही तर पुन्हा तपासा. हा एक प्रकार ऑपरेशनने खूपसा बरा होऊ शकतो.

आणि चौथी चूल. डॉ. एस. पद्मावती हे नाव तुम्हाला ठाऊक असेल. भारतातल्या पहिल्या स्त्री-हृदयरोगतज्ज्ञांपैकी त्या एक, २०२० मध्ये वयाच्या एकशेतीनाव्या वर्षी गेल्या. १९५९ मध्ये त्यांनी दिल्लीतल्या १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसं खराब होऊन हृदयाची उजवी बाजू फुगलेले हे रुग्ण. परदेशात हा विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार मानला जाई. इथे बायकाही तेवढ्याच दिसल्या, आणि वयाने लहान. त्यांच्या फुप्फुसांत गेला होता तो शेणीचा, लाकडाचा धूर. माझ्या मावससासूबाई गावाकडे आयुष्यभर चुलीपुढे खोकल्या, आणि 'धुरानं डोळे साफ राहतात' असं म्हणत राहिल्या. शेवटची दोन वर्षं त्या ऑक्सिजनवर होत्या. गॅस घरात होता, पण सिलिंडर पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला.

आमच्या घरात काय बदललं ते थोडक्यात सांगते. मीठ सगळ्यांचंच कमी झालं, वेगळी भाजी शिजवायला मला वेळ नाही. लोणचं, पापड, फरसाण तिच्या ताटातून गेलं. रोज सकाळी वजन काट्यावर. दोन-तीन दिवसांत किलो-दीड किलो वाढलं तर अंगात पाणी साचतंय, फोन करायचा. दळण, सिलिंडर, भिजलेल्या चादरी पिळणं बंद. सपाटीवर बेताचं चालणं मात्र डॉक्टरांनी मुद्दाम चालू ठेवायला सांगितलंय. म्हणजे माझा सल्ला अगदीच चुकीचा नव्हता, पण तो आजार कळण्याआधी द्यायचा नव्हता. फ्लू आणि न्यूमोनियाची लस घेतली. सासूबाईंची केदारनाथची इच्छा होती, धाकटीला घेऊन. ते साडेतीन हजार मीटरहून उंच, हवा विरळ, तिथे तिचा दाब आणखी चढेल. सासूबाई पंढरपूरला गेल्या, म्हणाल्या, 'तो तिथे उभा, हा इथे उभा.'

पुढे काय, याचा विचार आम्ही रोज करत नाही, पण करतो. नवी औषधं येताहेत. सोटाटरसेप्ट नावाच्या तीन आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ते आक्रसलेल्या वाहिन्यांच्या भिंतींवरच काम करतं. औषधं थकली तर फुप्फुसांचं रोपण आहे, कठीण आणि खर्चाचं. जगातलं हृदय आणि फुप्फुसं एकत्र बदलण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन १९८१ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला झालं, ते याच आजाराच्या एका पंचेचाळीस वर्षांच्या बाईंवर. त्या त्यानंतर पाच वर्षं जगल्या. हे मी धाकटीला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, 'मुलं होती का त्यांना?' मला ते ठाऊक नव्हतं.

मागच्या महिन्यात सहा मिनिटांत ती ४१० मीटर चालली. अजून ४४० नाही. मुलगी दुसरीत आहे, तिसरीची पुस्तकं तिने आत्ताच आणून ठेवली आहेत. तिनेच, मी नाही.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आता एक लाकडी स्टूल आहे. एके दुपारी सासूबाईंनी तो स्वतः माळ्यावरून काढून, पुसून, तिथे नेऊन ठेवला. कुणी विचारलं तर 'माझे गुडघे दुखतात' म्हणतात. बसते धाकटीच.

उन्हाळा जवळ आला, वाळवणांची पत्रं येऊ लागली आहेत. कमी मिठाचे पापड मी दोनदा करून पाहिले, जमले नाहीत. पापडखारात सोडियम असतंच, आणि तो काढला तर पापड फुलत नाही. कोहळ्याचे सांडगे मात्र निम्म्या मिठात, जिरं आणि लिंबू वाढवून फक्कड झाले. त्यांचं प्रमाण पुढच्या अंकात देते.